टायर घेताना आपला रस्ता बघा, नुसते किलोमीटर नको



आज उसाचं नाही, टायरचं लिहितो. वळवाचे दोन पाऊस होऊन गेले, मृग तोंडावर आलाय. आडसालीसाठी सऱ्या सोडायची सगळ्यांची गडबड चालू आहे. तेवढ्यात अर्धा तास गाडीच्या टायरकडं पण बघा म्हणून हे लिहितोय.

आमच्या घरात दोन गाड्या. एक माझी, २०११ ची शंभर सीसी, तारांची चाकं. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध आणि मधल्या वेळेत रान, एवढंच तिचं काम. दुसरी पोराची, १२५ सीसी, अलॉय चाकं. तो पलूसच्या एमआयडीसीत जातो, एका बाजूला १८ किलोमीटर, आठवड्याआड रात्रपाळी. दोन्ही गाड्यांचे टायर या महिन्यात बदलले. घर एक, पण टायर दोन तऱ्हेचे घेतले. का, ते सांगतो.

दुकानात गेलं की आपण सगळे पहिला प्रश्न एकच विचारतो, "किती किलोमीटर चालंल?" दुकानदार पण मग जास्त चालणारा टायरच पुढं ठेवतो. त्याचं काही चुकत नाही, आपण मागितलं ते त्यानं दिलं. पण उसाचा वाण घेताना आपण एवढंच विचारतो का? ८६०३२ ला उतारा चांगला. फुले २६५ टनेज देतो, चोपण रानात पण तग धरतो, पण पक्व व्हायला वेळ घेतो. सगळे गुण एकाच कांडीत येत नाहीत, म्हणून आपण आधी आपलं रान बघतो, मग बेणं ठरवतो. टायरचं पण तसंच आहे.

टायरकडून आपल्याला तीन गोष्टी पाहिजेत. कोरड्या रस्त्यावर पकड, ओल्या रस्त्यावर पकड आणि टिकाऊपणा. ह्या तिन्ही एकमेकींना ओढतात.

रबर मऊ असलं की ते डांबराच्या बारीक खडबडीत बसतं, पकड चांगली मिळते, पण झिजतं लवकर. कडक रबर जास्त चालतं, पण पाऊस पडून रस्ता गार झाला की ते अजून कडक होतं आणि तिथंच घसरतं. हल्ली चांगल्या टायरच्या रबरात सिलिका घालतात, त्यानं गारठ्यात-पावसात पण रबर लवचिक राहतं. काही टायरना मधली पट्टी कडक आणि कडा मऊ असतात. सरळ चालताना मधली पट्टी झिजते म्हणून ती टिकाऊ, वळणावर गाडी कलती तेव्हा कड टेकते म्हणून ती पकडीची. असे टायर थोडे महाग पडतात.

दुसरी गोष्ट नक्षीची. टायरवरच्या खाचा म्हणजे आपल्या रानातले चर समजा. पाणी साचलं तर चरानं बाहेर जायला पाहिजे, नाहीतर टायर आणि रस्त्याच्या मधे पाणी राहतं. पण सगळीकडं चरच काढले तर पिकाला रान उरत नाही. टायरमधे खाचा जास्त केल्या तर रस्त्याला टेकायला रबर कमी राहतं. दुचाकीचा टायर मुळात तळहाताएवढाच टेकतो. तेवढ्यात चर किती आणि रान किती, हा सगळा खेळ आहे.

आता बटन टायर. आमच्याकडं पोरांना त्याचं लई वेड. मुरमाच्या, मातीच्या वाटेला तो चांगलाच, गुट्टे रुततात आणि गाडी ओढून काढतात. पण डांबरावर त्याचे निम्मे गुट्टेच टेकतात, म्हणून ओल्या डांबरावर ब्रेकला तो कमी पडतो, आवाज करतो आणि झिजतोही लवकर. आणि आपल्या काळ्या रानाचं काय सांगू! भर पावसात कुठलाही टायर लावा, दहा-वीस पावलांत खाचा भरतात, मडगार्डात चिखल बसतो आणि चाकच फिरायचं बंद होतं. तिथं टायर चालत नाही, पाय चालतात. गाडी पाणंदीच्या तोंडाला लावायची आणि चालत जायचं.

गेल्या जुलैत आमच्या वस्तीवरचा एक जण पडला. सकाळी साडेसहाची वेळ, बारीक पाऊस, स्पीड पण फार नव्हतं. रानातनं ट्रॅक्टर बाहेर पडतात तिथं रस्त्यावर चिखलाचं सारवण झालेलं. पुढनं कुत्रं आलं, यानं ब्रेक दाबला, पुढचं चाक सरकलं. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला, चार महिने खाटेवर. त्याची आडसालीची लागण आम्ही भावकीनं मिळून केली. पण भांगलण, खत, पाणी रोज कोण बघणार? त्या वर्षीचा ऊस गेला तो गेलाच.

नंतर त्याची गाडी आणायला आम्ही गेलो, तेव्हा मी पुढचा टायर बघितला. नक्षी निम्म्याच्या वर शिल्लक होती. बघणारा म्हणेल टायर चांगला आहे. पण नखानं दाबला तर लाकूड! बाजूला बारीक तडे. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात, ते वाचले. ०८१४. म्हणजे २०१४ सालचा आठवा आठवडा. गाडी उन्हातान्हात बांधावर उभी राहून दहा वर्षांत रबर मरून गेलेलं. पुढचा टायर झिजत नाही म्हणून तो कुणी बदलतच नाही. नक्षी शिल्लक होती, रबर शिल्लक नव्हतं.

हे लक्षात ठेवा मंडळी. ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायर थांबवतो. २०१९ च्या एप्रिलपासून नवीन गाड्यांना १२५ सीसीच्या वर एबीएस आणि त्याखाली सीबीएस सक्तीचं झालं. पण टायरच सरकत असेल तर ते तरी काय करणार? आणि माझ्या २०११ च्या गाडीला त्यातलं काहीच नाही.

आता पैशाचा हिशेब. पोराच्या गाडीला दुकानदारानं मागच्या चाकासाठी दोन टायर दाखवले. एक कडक, १९०० रुपये, त्याच्या अंदाजानं २५ हजार किलोमीटर. दुसरा मऊ, पावसाला चांगला, २३०० रुपये, १८ हजार किलोमीटर. पहिला पडतो किलोमीटरला साडेसात पैसे, दुसरा पावणेतेरा. फरक सव्वापाच पैशांचा. पोराचं वर्षाचं फिरणं अकरा हजार धरलं तर वर्षाला पावणेसहाशे रुपये जास्त. पेट्रोल किलोमीटरला पावणेदोन-दोन रुपये जातं, ते आपण मुकाट भरतो. पावणेसहाशे म्हणजे युरियाच्या दोन पोत्यांचे पैसे. रात्रपाळी सुटल्यावर पोरगं पावसात, अंधारात घरी येतंय, त्याच्यापुढं युरियाची दोन पोती काय मोठी? मऊ घेतला.

पोराला मात्र रुंद टायर पाहिजे होता. "आबा, एक साइज मोठा घेऊया, गाडी भारी दिसती." दुकानदारानंच समजावलं. रिम अरुंद आणि टायर रुंद घातला तर टायर दोन्ही बाजूंनी आवळला जातो आणि मधे फुगतो. म्हणजे रुंद घेऊन टेकणार तेवढाच. वर चेनकव्हरला घासायचा, ॲव्हरेज पडायचं ते वेगळंच. कंपनीनं दिलेलीच साइज घातली. पोरगं दोन दिवस गप्प होतं, आता बोलतंय.

माझ्या गाडीचं गणित वेगळं. मी रोज दहा-बारा किलोमीटर फिरतो, ३५-४० च्या पुढं जात नाही, निम्मी वाट मुरमाची. पण वजन असतं. दुधाचे दोन कॅन मिळून ५० किलो, मी ७० किलो, कधी मागं आमची मंडळी बसते, नाहीतर पेंडीचं पोतं. म्हणून मागं टिकाऊ टायर घेतला. नक्षी मध्यम खोल, बटन नाही, पण कडेला गुट्टे असलेली. पुढं मात्र साधा रस्त्याचा, मऊ रबराचा, उभ्या खाचांचा. ब्रेक दाबला की सगळं वजन पुढं येतं. मागचं चाक सरकलं तर गाडी सावरता येती, पुढचं सरकलं तर माणूस खालीच. आणि पुढचा टायर झिजतोच कमी, मग तिथं पकडीचा घ्यायला काय हरकत?

वजनावरनं एक महत्त्वाचं. माझ्या गाडीला पुढं-मागं २.७५-१८ अशी एकच साइज आहे. पण साइजच्या पुढं अजून एक आकडा असतो, तो वाचा. ४२ असेल तर टायर १५० किलो पेलतो, ४८ असेल तर १८० किलो. म्हणजे साइज एकच, पण पुढच्या चाकाचा टायर वेगळा आणि मागच्याचा वेगळा. स्वस्त मिळतो म्हणून ४२ चा मागं घालू नका. दुधाच्या गाडीला तर बिलकूल नको. आणि कॅन अडकवलेले असताना त्यावर पेंडीचं पोतं लादलं तर ४८ वाला पण पेलत नाही. दोन खेपा करा.

टायर घेताना आणि नंतर बघायच्या गोष्टी थोडक्यात लिहितो:

चार आकडे वाचूनच टायर घ्या. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन साल. दुकानात दोन वर्षं पडलेला नको म्हणून सांगा.

टायरच्या कडेला इंग्रजीत टी डब्ल्यू आय अशी तीन अक्षरं असतात. त्या रेषेत खाचेच्या तळाला रबराचा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर तर त्याच्याही आधी बदला.

पाच वर्षांच्या पुढचा टायर नखानं दाबून, तडे बघून तपासत जा. नक्षीवर विसंबू नका.

गोटा झालेल्या टायरला गरम हत्यारानं खाचा कोरून देतात. ते करू नका. उरलंसुरलं रबर पण त्यात जातं.

बाजूला बाण असतो, चाक त्याच दिशेनं फिरलं पाहिजे. बसवताना समोर उभं राहून बघा. तारांच्या चाकाला नवीन टायरबरोबर नवीन ट्यूब घाला.

नवा टायर गुळगुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश चालवा, गाडी जास्त कलवू नका. आणि टायर चमकवायला तेल, पॉलिश लावू नका.

हवा गार टायरमधे बघा, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणं. वजन आहे म्हणून दगडासारखी हवा भरली तर टायर मधेच टेकतो आणि मधेच झिजतो. कमी भरली तर कडा खातो आणि तापतो.

शेवटचं. टायर कितीही चांगला घेतला तरी रस्त्यावर चिखल असेल तर तो चिखलावरच टेकणार. ताशी ४० नं जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ब्रेक दाबेपर्यंतच तेवढं अंतर गेलेलं असतं. म्हणून रानातनं ट्रॅक्टर डांबरीवर काढताना चाकाचा चिखल आधी रानातच झाडा, रस्त्यावर पडलेली ढेकळं खोऱ्यानं बाजूला ओढा. दहा मिनिटांचं काम आहे. यंदा आमच्या पाणंदीच्या तोंडाला आम्ही चौघांनी मिळून दोन ट्रॉल्या मुरूम टाकला, तिथंच चाकाचा बराचसा चिखल सुटतो. पहाटे दूध घेऊन जाणारा कुणाचा ना कुणाचा पोरगा असतोच.

पेरणीआधी बियाणं उगवतंय का बघता ना? तसंच उद्या सकाळी गाडी काढायच्या आधी पुढच्या टायरवरचे चार आकडे वाचा. कुणाचा किती जुना निघाला, मला पण सांगा.