सांध्यात कॉन्ट्रास्ट सोडताना

अनसिंगचे एक शेतकरी काका खांद्याच्या एमआरआयची चिठ्ठी घेऊन आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सांध्यात सुईने औषध सोडणार म्हणतात. सांधा खराब तर नाही होणार?" मी सवयीने बोलून गेलो, "काही होत नाही." रात्री मात्र वाचायला बसलो.

हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते. तिला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिच्या पेशी मेल्या की सहसा भरून येत नाहीत. प्रयोगशाळेत आयोडीन किंवा गॅडोलिनियम असलेल्या कॉन्ट्रास्टमुळे या पेशी मेलेल्या दिसल्या आहेत. द्रावण जितके तीव्र आणि संपर्क जितका जास्त वेळ, तितकी हानी अधिक. मात्र सांध्यात सोडायचे गॅडोलिनियम साधारण २०० पट पातळ करतात आणि ते काही तासांत शोषले जाते. त्यामुळे एका तपासणीने सांधा जातो असे समजू नका.

सकाळी काकांना फोन करून हे सगळे सांगितले. तुम्हीही डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा: साध्या एमआरआयवर भागेल का? आणि या तपासणीने माझे उपचार बदलणार आहेत का?