उलटी बाजू

आजीच्या हातात कुठलाही शिवलेला कपडा पडला की ती आधी तो उलटा करायची. बाजारातून आणलेला परकर असो की शेजारणीने कौतुकाने दाखवायला आणलेलं झबलं, सरळ बाजूकडे तिचं लक्षच नसे. आतली टीप, दोऱ्याची गाठ, सोडलेली माया एवढं पाहून ती कपडा परत देई. पसंत पडला तर काही बोलायची नाही. नाही पडला तर म्हणायची, "वरून देखणा हाये."

आमचं मालेगाव म्हणजे नाशिककडचं, यंत्रमागांचं मालेगाव नव्हे. हे वाशीमकडचं, मालेगाव जहांगीर. मी पाचवीत होते तेव्हा वाशीम जिल्हाही झाला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. त्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये मी जिजाऊ झाले. अभिनयामुळे नव्हे, वर्गात सगळ्यांत उंच मीच होते म्हणून. आजीने स्वतःचं जांभळं लुगडं काढलं, ते रुंदीत दुमडून निम्मं केलं, कमरेला गाठ मारली, निऱ्या खोचल्या, मागे कासोटा घातला. मला दोनदा उठाबशा काढायला लावल्या. लुगडं जागचं हललं नाही.

शाळेत मात्र बाईंना धीर निघेना. त्यांनी पदराला, ओच्याला, खांद्याला सेफ्टी पिना टोचल्या. दरबाराच्या प्रवेशात मी बसले आणि एक पिन उघडून कमरेत घुसली. जिजाऊ "आई गं!" म्हणून ओरडल्या. समोरचं अख्खं पटांगण हसलं. घाईने पिन ओढताना लुगडं चार बोटं फाटलं. रात्री आजी कंदिलाजवळ रफू करत बसली. "पिन कायले लावली वं? कासोटा पक्का असला का माणूस झाडावर चढते." रफू झाल्यावर तिने ती जागा उलटी करून मला दाखवली. कुठे फाटलं होतं ते मला सापडेना.

पुढे मी पायमशीन शिकले, डी.एड. झाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. गावातली मास्तरीण शिवणही जाणते म्हटल्यावर १२ जानेवारी आणि १९ फेब्रुवारी या दोन तारखा कायमच्या माझ्या नावावर लागल्या. शिवजयंतीसाठी शिवलेला माझा पहिला पोशाख आठवला की अजून कान गरम होतात. भगवी मखमल, छातीवर लेस, पाठीला चेन. सिनेमात पाहिलं होतं तसंच. फेब्रुवारीतली वऱ्हाडातली दुपार, त्यात मखमल. मिरवणूक बसस्टँडपर्यंत पोचेस्तोवर आमच्या शिवबाने तो पोशाख उतरवून माझ्या हातात दिला आणि उरलेलं स्वराज्य बनियनवर चालवलं.

मग मी चित्रं पाहायला लागले. वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचं विश्वसनीय चित्र उजेडात आणलं, त्याआधी भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून घरोघरी लागत होतं, ही गोष्ट मला तेव्हा कळली. चेहऱ्याच्या बाबतीत एवढी गफलत होऊ शकते, तर कपड्यांची काय कथा! जुन्या चित्रांत मखमलीचा पत्ता नाही. पातळ, अंगासरशी जामा, खाली सुरवार, कमरेला फुलांचा पटका, डोक्यावर तुरा खोवलेला मंदील. बटण नाही. बंद आहेत, आणि ते बगलेखाली एका बाजूला बांधलेले. हिंदू डावीकडे बांधत आणि मुसलमान उजवीकडे, हेही मला असंच चित्रं न्याहाळताना कळलं. माझ्या पहिल्या जाम्याचे बंद अर्थात उजवीकडे होते.

जामा बेतताना मी प्रथम मांजरपाटावर कापून पाहते. त्याची गंमत अशी की कापड वाया जात नाही. सरळ पट्टे पाठीला आणि बाह्यांना, तिरके कापलेले तुकडे कळ्या म्हणून घेराला, आणि उरलेला चौकोनी तुकडा बगलेत, चौबगला म्हणून. आजच्या शर्टात हात वर केला की सगळा शर्ट वर येतो. चौबगल्याच्या जाम्यात हात वर करा, तलवार फिरवा, झाडावर चढा, घेर तिथेच. जुन्या शिंप्याने एका चौकोनी चिंधीने जे साधलं त्यासाठी आपण ताणलं जाणारं कापड शोधून काढलं. हे मला भाड्याच्या ड्रेसवाल्यांना सांगायचं असतं. पण ड्रेपरीचा पोशाख उलटा केला की आत गोंदाचे डाग आणि निसटलेले दोरे दिसतात, आणि मी गप्प बसते.

२०१९च्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीकडे इंग्लंडला गेले. तिने मला सफोकमधल्या केंटवेल हॉलला नेलं. तिथे १९७९पासून दर वर्षी हौशी माणसं ट्यूडर काळातले कपडे घालून त्या काळासारखी राहतात, रांधतात, सूत काततात, जुन्या वळणाची इंग्रजी बोलतात. मला वाटलं, राण्यांचा सुकाळ असेल. पण एक बाई लोणी काढत होती, एक जण लोहार होता, एक पोरगा बदकं हाकत होता. कपडे जाडेभरडे, लोकरीचे, त्यांनी स्वतः हाताने शिवलेले. मला आमची मिरवणूक आठवली: अकरा शिवाजी, सात जिजाऊ आणि मावळा एकही नाही.

सावलीत एक बाई सदऱ्याच्या कॉलरवर काळ्या रेशमाने भरतकाम करत होती. मी जवळ जाऊन बसले. माझ्या हातून सवयीने कॉलर उलटी झाली. बाईंनी दचकून वर पाहिलं आणि हसल्या. दोन्ही बाजू सारख्या! जाताना एक टाका सोडून एक घालायचा, परतताना सुटलेल्या जागा भरायच्या. ही तर आमची गवंती. इरकली लुगड्यावर धारवाडकडच्या बाया जी कसुती भरतात, तिच्यातला टाका. तिथे त्याला होल्बाइनचा टाका म्हणतात, त्या काळच्या चित्रकाराच्या नावाने, कारण त्याने रंगवलेल्या माणसांच्या बाह्यांवर तो दिसतो. मी पिशवीतून सुई काढली आणि कडेला एक छोटं गोपुर भरून दिलं. ट्यूडर सदऱ्यावर गोपुर! त्यांनी ते उसवलं असेल तर मी दोष देणार नाही.

परतताना गाडीत मनाशी हिशेब केला. जिजाऊंचा जन्म सिंदखेडराजाचा, १२ जानेवारी १५९८. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर पहिली एलिझाबेथ होती, चौसष्ट वर्षांची. ती वारली तेव्हा जिजाऊ पाच वर्षांच्या. म्हणजे मालेगावहून मेहकर ओलांडून एसटीने ज्या गावाला मी दर जानेवारीत पोरींना घेऊन जाते, तिथली ती लेक आणि ही राणी एकाच काळातल्या. राणीच्या वस्त्रागाराच्या हिशेबांत टाचण्या हजारोंनी मांडलेल्या आहेत. गळपट्टी, बाह्या, घेर, सगळं टाचण्यांनी अंगावर जुळवायचं. आणि इकडे नऊ वार लुगडं, एकाही टाचणीशिवाय. सेफ्टी पिनवाल्या बाईंना हे सांगायला हवं होतं.

राणीच्या शेकडो झग्यांतला पूर्ण असा एकही आज नाही. हेरफर्डशायरमधल्या बॅक्टन नावाच्या खेड्यातल्या चर्चमध्ये वेदीवर अंथरलेलं भरतकामाचं एक वस्त्र शतकानुशतकं होतं. ते तिच्या झग्याचंच कापड असावं, असं अभ्यासकांनी अलीकडे ओळखलं. हे ऐकून मला नवल वाटलं नाही. आजीच्या जांभळ्या लुगड्याचीही शेवटी गोधडीच झाली. चार बोटांची ती रफू गोधडीच्या आतल्या थरात कुठेतरी आहे.

आल्यावर मी ठरवलं, आधी मावळे. त्यांच्यासाठी बाराबंदीचा नमुना सोलापूरहून मिळाला. तिथे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणारे पांढरी बाराबंदी घालतात. नटण्यासाठी नव्हे, रीत म्हणून. मावसबहिणीच्या घरातली एक जुनी बाराबंदी मी टेबलावर उलटी पसरून मोजली. आमच्याकडे बाराबंदी म्हणून जे शिवतात त्याला चार बंद असतात, फार तर सहा, बाकीच्यांचं काम वेल्क्रो करतं. पोरांना बंद बांधता येत नाहीत, ही पालकांची तक्रार. म्हणून आता शनिवारच्या शेवटच्या तासाला मी बंद बांधायला शिकवते. सुरगाठ. बुटाच्या नाडीलाही कामी येते.

यंदा जिजाऊ होणारी मुलगी बंजारा तांड्यावरची आहे. तिची आई फेटिया-कांचळीवर आरसे आणि कवड्या बसवते. तिच्यासारखी बारीक सुई मी पाहिलेली नाही. माप घ्यायला आली तेव्हा तिने विचारलं, "बाई, चोळीवर मी थोडं भरू का?" मी म्हटलं, नको, जिजाऊंच्या चोळीवर आरसे नसायचे. ती काही बोलली नाही. रात्री मला झोप येईना. जिजाऊंची चोळी मी तरी कुठे पाहिली आहे? आणि त्या शतकात फौजांमागून बैलांच्या पाठीवर धान्य वाहून नेणारे तांडे तिच्याच लोकांचे होते. तिची सुई माझ्या पायमशीनपेक्षा त्या काळाच्या कितीतरी जवळची. सकाळी निरोप पाठवला, भरा म्हणून.

परवा चोळी आली. वरून साधं खणाचं कापड, एकही आरसा नाही. मी सवयीने उलटी केली. अस्तराच्या कडेने, गळ्यापासून गाठीपर्यंत, लाल-पिवळ्या टाक्यांची बोटभर पट्टी भरलेली होती, आणि मधोमध नखाएवढा एक आरसा.