टपल, लिस्ट आणि किरणोत्सव

पायथनमधला टपल 'इम्युटेबल' असतो, म्हणजे एकदा केला की बदलत नाही. इंटरव्ह्यूत हे आपण सगळेच घडाघडा सांगतो. मग आता हे करून बघा (पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, तेवढीच मजा!):

वाट = ("देऊळ", ["रस्ता"])

टपलच्या आत एक लिस्ट आहे. त्या दुसऱ्या जागेवर += करून ["इमारत"] जोडा. लगेच टाइपएरर! ठीक आहे, टपलला हात लावायचा नाही. पण आता वाट प्रिंट करा:

("देऊळ", ["रस्ता", "इमारत"])

एररही आला आणि बदलही झाला. नाद खुळा!

हा बग नाही बरं का. += इथे दोन कामं करतं. आधी लिस्टमध्येच भर घालतं आणि मग ती लिस्ट परत टपलच्या खणात ठेवायला जातं. पहिलं काम होऊन जातं, दुसऱ्याला टपल अडवतो. कारण खणात लिस्ट नसतेच, तिचा पत्ता असतो. पत्ता बदलणार नाही एवढीच टपलची हमी. त्या पत्त्यावरच्या घरात काय चाललंय, ते तो बघत नाही.

आम्हा कोल्हापूरकरांना हे किरणोत्सवावरून पटकन कळतं. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीची किरणं महाद्वारातून अंबाबाईपर्यंत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. देऊळ शेकडो वर्षांचं, दगडी, जागचं न हललेलं. तरी काही वर्षी किरणं मुखापर्यंत पोचत नाहीत. कधी ढग, कधी धूळ, कधी वाटेत उभी राहिलेली बांधकामं. दगड जपला म्हणून सोहळा जपला गेला असं होत नाही, मधली वाटही मोकळी ठेवावी लागते.

पायथनला हे कळतं असं मला वाटतं. असा टपल डिक्शनरीची की म्हणून देऊन बघा. तो आतपर्यंत तपासतो आणि लिस्ट दिसली की 'अनहॅशेबल' म्हणून परत पाठवतो. भरवसा ठेवायचा तर नुसती वरची पाटी वाचून चालत नाही.

असो. सोमवारी कोड रिव्ह्यूत कुणी म्हणालं, "टपल आहे, बदलणार नाही," तर एवढंच विचारा: "आत काय आहे?"