गोडं पाणी

९ फेब्रुवारी, वुडब्रिज
ताडपत्री सोडून आत उतरले. ताठ उभं राहायला जागा नाही, सगळं काम वाकून नाहीतर गुडघ्यांवर. फोकबोट असते २५ फुटांची, तिच्यात केबिन एवढीच. दोन बाक, स्टोव्हची फळी, पुढं महॉगनीची आडभिंत. मला तीच भावते. साध्या पगारदारालाही शीड उभारता यावं म्हणून १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियात या होडीसाठी स्पर्धा झाली. एकही आराखडा पुरता पसंत पडला नाही, तेव्हा अनेकांतलं चांगलं ते घेऊन टूर्ड सुंडेन यांनी नकाशे पुरे केले. याच जातीच्या ‘जेस्टर’मधून ब्लाँडी हॅसलर १९६० साली एकटे अटलांटिक पार गेले.

१० फेब्रुवारी
दिवसभर टोच्यानं लाकूड तपासलं. बाकांखाली समुद्राचं पाणी साचतं, तिथल्या ओकच्या फासळ्या टणक आहेत. टोच्या रुतला तो वर, आडभिंतीच्या माथ्याशी. डेकचा सांधा उघडलाय आणि पावसाचं पाणी महॉगनीत मुरलंय. लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात सहसा तग धरत नाही. तिला गोडं पाणी आणि कोंदट हवा लागते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढतच नाही.
दादाचं म्हणणं, निदान एक भिंत घासून चमकवू, हुरूप येईल. मी ठाम नाही म्हटलं. डेक गळतंय तोवर आत वार्निशचा ब्रश जाणार नाही. ओल आत कोंडली की वरून चकचकीत दिसणाऱ्या लाकडाचा आतून भुसा होतो.

२३ फेब्रुवारी
पाऊस. काम बंद.

१५ मार्च
डेकचे सांधे भरून झाले. रात्री जोराचा पाऊस होता. सकाळी माथ्यावरून हात फिरवला, कोरडा! आता आतलं काम.
कुजका भाग पटाशीनं काढत गेले, चांगलं लाकूड लागेपर्यंत. यार्डातले सुतार म्हणाले, अख्खी भिंत बदला, लवकर होईल. पण इतकी रुंद, सरळ रेषांची महॉगनी आता मिळायची कुठं? नवा तुकडाच जोडायचा. जाडीच्या आठपट लांब तिरका उतार दोन्हीकडं तासून, एपॉक्सीनं.

१६ मार्च
जुने पितळी स्क्रू काढले. काही गुलाबी पडलेत. खाऱ्या ओलीनं पितळातलं जस्त निघून जातं, तांबं तेवढं उरतं, आणि पिळलं की स्क्रू तुटतो. नवे सिलिकॉन ब्राँझचे घालतोय. त्यांच्या डोक्यांवर महॉगनीच्या गुल्ल्या, भिंतीच्या रेषेला रेषा जुळवून. त्या एपॉक्सीत न बसवता नुसत्या वार्निशमध्ये बसवल्या, म्हणजे पुढं कुणाला स्क्रू काढायचा झाला तर लाकूड न फुटता गुल्ली निघेल. आमच्या आधीच्या कुणा सुतारानं हेच केलं होतं, म्हणून आज जुनी भिंत शाबूत राहिली. त्याचे मनापासून आभार.

१८ एप्रिल
हवा १० अंशांच्या वर टिकली, वार्निश उघडलं. पहिला हात निम्मा पातळ करून दिला, लाकडानं तो लगेच पिऊन टाकला. पुढच्या प्रत्येक हाताआधी बारीक पॉलिश पेपर. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना जास्तीचे हात देणार आहे, पाणी तिथूनच आत शिरतं.
हवा खेळायला कपाटांच्या दारांना भोकं पाडायची, ही दादाची कल्पना. माझ्या मनातलंच बोलला. नक्षी आधी पुठ्ठ्यावर कापून बघू. दोन दारं त्याची, दोन माझी.