तुलनेचा साधारण धर्म

वर्गात उपमा शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे तिची चार अंगे फळ्यावर लिहीत आलो: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि वाचक शब्द. यांपैकी तिसऱ्या अंगाकडे आपण किती दुर्लक्ष करत होतो, याची जाणीव आम्हांला झाली ती गेल्या हिवाळ्यात, वलगावला, धाकट्या बहिणीच्या घरी. आणि तीही संगणकाच्या प्रोसेसरच्या निमित्ताने.

वलगाव हे अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना लागणारे, पेढी नदीकाठचे गाव. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवला, तो या गावाजवळच. येथे आमची बहीण घरी बसून मराठी टंकलेखन करते. एम. ए.चे लघुप्रबंध, पीएच. डी.चे प्रबंध, अधूनमधून लग्नपत्रिका. आपण ज्या प्रबंधांचे परीक्षण करतो, ते कोणाच्या तरी बोटांखालून आलेले असतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात राहते. तिच्या संगणकातला प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा, म्हणजे दहा वर्षांहून जुना. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. वाढीव मुदत घेता येत होती, पण ती मुदतच. नवे यंत्र घेणे भाग होते. मदरबोर्ड बदलला की जुनी रॅमही निकामी, कारण ती डीडीआर३ जातीची. आणि नेमके २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढू लागले होते.

यंत्र एकच घ्यायचे, आणि ते वापरणार दोघे. भाचा महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. त्याला गेम खेळायचे होते, आणि त्याने ते लपवले नाही. पैसे सोयाबीनचे. मेहुण्यांनी आम्हांला एवढेच सांगितले, “घेसान तं एकदाच घ्या. पुन्हा पुन्हा नाही निंघत.”

भाच्याने कोष्टकच तयार ठेवले होते. त्यात तीन नावे होती: एएमडीचे रायझन ५ ५५०० आणि रायझन ५ ५६००जी, आणि इंटेलचा कोअर आय३-१२१००एफ. प्रत्येकापुढे गुण, आणि गुणांना किमतीने भागून आलेला आकडा. “मामा, पैशाच्या मानानं ५५०० एक नंबर हाय,” तो म्हणाला. आकडेमोड बिनचूक होती. तरीही काहीतरी गळले आहे असे वाटत राहिले, आणि काय गळले आहे ते सांगता येईना.

अशा संभ्रमाचा आमचा अनुभव जुना आहे. २००० च्या सुमारास अमरावतीत सुटे भाग जुळवून संगणक घेण्याची पद्धत रुळली, तेव्हा स्वस्तातला पर्याय म्हणजे इंटेलचा सेलेरॉन किंवा एएमडीचा ड्युरॉन. सारी तुलना मेगाहर्ट्झमध्ये होई. जास्त मेगाहर्ट्झ म्हणजे उत्तम प्रोसेसर, जणू जास्त पृष्ठांची कादंबरी म्हणजे श्रेष्ठ कादंबरी. मग पेंटियम ४ आला. त्याचे ठोके अधिक, पण प्रत्येक ठोक्याला होणारे काम कमी. या आकड्यांशी झुंजण्यासाठी एएमडीने २००१ मध्ये एक गमतीदार युक्ती केली. अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+ हे नाव घेतलेला प्रोसेसर प्रत्यक्षात १५३३ मेगाहर्ट्झवर चाले. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ही तुलना तिच्याच जुन्या अ‍ॅथलॉनशी होती. पण गिऱ्हाईक ती पेंटियमशीच लावणार, हे सर्वांनाच ठाऊक होते. उपमान गाळलेली उपमाच ती, अधिक चिन्हाच्या आधारावर उभी.

भाच्याच्या कोष्टकात उपमेय होते, उपमान होते, ‘पेक्षा’ हा वाचक शब्दही होता. गळला होता तो साधारण धर्म. अमुक प्रोसेसर तमुकाहून सरस, पण कशात? त्या गुणांमागची चाचणी ज्या यंत्रावर झाली, त्यात महागडे ग्राफिक्स कार्ड बसवलेले होते. खोली थंड होती. आणि त्या यंत्रावर कोणाचे पोट अवलंबून नव्हते. यांपैकी एकही गोष्ट वलगावच्या त्या खोलीला लागू पडत नव्हती.

त्यातही ५५०० आणि ५६००जी यांचे नाते मेहुण्यांना समजावून सांगताना आम्हांला कापसाचाच आधार घ्यावा लागला. ही दोन्ही नावे एकाच घडणीच्या चकतीची आहेत. दोहोंत सहा कोअर, दोहोंत १६ मेगाबाइट कॅशे. मुख्य फरक असा की ५५०० मध्ये चित्र उमटवणारा भाग बंद करून ठेवलेला असतो. इंटेलच्या नावातील ‘एफ’ हे अक्षरही तेच सांगते. सिलिकॉनच्या एकाच तबकडीवरच्या सगळ्या चकत्या सारख्या निघत नाहीत. कोणाचा एखादा भाग सदोष, कोणाचा वेग थोडा कमी. त्यांची प्रतवारी होते आणि प्रतीप्रमाणे नाव व भाव ठरतो. मेहुणे हसले. खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या आत भरला तर पूर्ण हमीभाव, १२ च्या वर गेला तर गाडी परत, हे ज्याने भोगले आहे त्याला प्रतवारी म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. “म्हंजे कमी प्रतीचा माल वाईट नसते,” ते म्हणाले, “काय कमी हाय ते घेनाऱ्याले मालूम पाह्यजे.” तुलनेचे याहून नेमके सूत्र आम्हांला सापडलेले नाही.

५५०० मध्ये काय कमी होते? ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही, ही कमी. १२१००एफचेही तसेच, त्याचे कोअर चारच, पण प्रत्येक कोअर चपळ, त्यामुळे कार्ड जोडले तर गेममध्ये तो चांगलाच टिकतो. भाच्याचा बेत वाचलेल्या पैशांत वापरलेले कार्ड घेण्याचा होता. वापरलेल्या कार्डाचा पूर्वेतिहास कोणी सांगत नाही. ते विजेची भूक वाढवते. आणि ते बंद पडले की आईचे टंकलेखनही त्याच क्षणी थांबते. उलट ५६००जी एकटा उभा राहू शकतो. त्याच्यातले ग्राफिक्स बेताचे, मोठे गेम चित्राची प्रत उतरवूनच चालणार. परंतु पुढे कधी कार्ड जोडायचे झाले तर ती वाट मोकळी राहते. किंमत मात्र ५५०० पेक्षा अधिक.

दुसरे अंग उन्हाळ्याचे. मे महिन्यात अमरावती-अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. त्या हवेहून थंड तो काहीच करू शकत नाही. २० अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७० अंशांवर चालतो, तो ४२ अंशांच्या खोलीत साधारण ९० च्या पलीकडे पोचतो. ५६००जीची मर्यादा ९५ अंशांची. तिथे पोचला की तो आपला वेग आपणच उतरवतो. म्हणजे कोष्टकातला आकडा मे महिन्यात वलगावला तसाच राहील याची खात्री नाही. त्यात कापसाच्या दिवसांत उडणारे तंतू पंख्याच्या पात्यांत आणि पट्ट्यांत जाऊन बसतात. बहिणीचे जुने यंत्र आम्ही उघडले तेव्हा आत धुळीने करडी झालेली, बोटभर जाडीची गादीच निघाली. यंत्र मंद झाल्याचा दोष इतके दिवस प्रोसेसरवर टाकला जात होता.

खरे तर तिच्या कामाला यांतला कोणताही प्रोसेसर पुरून उरला असता. देवनागरी टंकायला बारा धाग्यांची गरज नसते. तीनशे पानांची फाइल उघडायला वेळ लागे, तो मुख्यतः जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे. एसएसडी आली की ते दुखणे जाणार होते. इथवर आल्यावर आमच्यातला मास्तर जागा झाला. आम्ही निर्णय दिला: सर्वांत स्वस्त असेल तो घ्यावा, खेळासाठी अधिक पैसे घालू नयेत. भाचा काही बोलला नाही. कोष्टकाचा कागद त्याने घडी करून खिशात ठेवला.

बोलली ती बहीण. “दादा, तुमी दोघं का बोलून राह्यले ते मले सारं नाही समजत. मायं काम बंद नाही पडलं पाह्यजे, एवढंच. पन त्याचं खेळनं का कमी हाय? रात्री मी उठली का त्यानं बसावं. तोही दिवसभर वावरात राबते.”

आम्ही वरमलो. साधारण धर्म गळला म्हणून भाच्याला बोल लावणाऱ्या आम्ही स्वतः तो परस्पर ठरवून टाकला होता. अभ्यास वरचा, खेळ खालचा, ही प्रतवारी आम्ही कोणालाही न विचारता केली होती. आणि ज्या घरात ती लागू करत होतो त्या घराने ती कधी मान्यच केली नव्हती. ज्या गाडगेबाबांनी भांडी विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलांना शिकवा असे सांगितले, त्यांच्या नावाचा दाखलाही आम्ही मनाशी तयार ठेवला होता. तो तसाच गिळला.

शेवटी ५६००जी घेतला. रॅमची एक मोठी पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घेतल्या, कारण अंतर्गत ग्राफिक्स त्याच रॅमवर जगते आणि दोन वाटांनी मिळणारी रॅम गेममध्ये मोठाच फरक पाडते. ही सूचना भाच्याची. आमच्या हिशेबात ती कुठेच नव्हती. पेटी खिडकीपासून दूर, जमिनीपासून दोन वीट उंच ठेवली, आणि दर अमावास्येला पंखा साफ करण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले.

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या रात्री बहीण एका प्रबंधाची संदर्भसूची टंकत होती. साडेदहाला तिने फाइल जतन केली, चष्मा काढला आणि खुर्ची रिकामी केली. भाचा बसला. आम्ही बाजेवर पडून पाहत होतो. पडद्यावर गाडी धावू लागली. चित्र थोडे भरड होते, पण अडखळत नव्हते. थोड्या वेळाने त्याने मागे वळून विचारले, “मामा, तुमी खेयता का?” आम्ही उठून खुर्ची जवळ ओढली.