सीएनजी की बॅटरी?

धाकट्या भावाला रिक्षा घ्यायची आहे. सीएनजीची की बॅटरीची, यावर घरात आठ दिवस खल चालला. बॅटरीवाल्या रिक्षाला २०१८ पासून परमिट लागत नाही, गॅसच्या रांगेत ताटकळणं नाही, रोजचा खर्चही कमी. मग अडलं कुठं? आम्ही पंचवटीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. रिक्षा उभी राहणार गल्लीत. रात्री खिडकीतून वायर सोडायची का? शेवटी भाऊच म्हणाला, "दादा, सीएनजीच घेऊ."

मंडळी, २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे बिनधुराच्या रिक्षा हव्या असतील, तर आधी रिक्षा स्टँडवर चार्जिंगची सोय मागू या. नाहीतर मनात असूनही भावासारखे कितीतरी जण गॅसकडेच वळतील.