करपलेली टोके आणि पाण्याचा जमाखर्च

दुकानाचे उद्घाटन, वास्तुशांती किंवा दिवाळी अशा निमित्तांनी अलीकडे व्यापारी घरांत मिठाईच्या खोक्याबरोबर एखादी कुंडीही येऊ लागली आहे. चकचकीत हिरव्या पानांचा गुच्छ आणि मधोमध लाल किंवा केशरी तुरा, जो महिनोन्महिने टिकतो. हे झाड ब्रोमेलियाड कुळातले. आपला अननसही त्याच कुळातला. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर तो अमेरिकेतून येथे आला आणि फळ म्हणून घरचा झाला. त्याची शोभेची भावंडे मात्र अजून पाहुणीच आहेत, आणि पाहुण्यांची गैरसोय पानांच्या टोकांवर उमटते.

शिरूरमध्ये, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीत, एका घरी अशाच एका कुंडीचा वंश बरीच वर्षे नांदत होता. वंश म्हणायचे ते अशासाठी की हे झाड केळीसारखे आहे: एकदा फुलले की मूळ झाड हळूहळू वाळते आणि बुडाशी आलेली पिले पुढे चालतात. त्यांतलेच एक पिल लेक दौंडला सासरी घेऊन गेली. पुढे आई गेल्या. शिरूरच्या कुंडीकडे लक्ष देणारे कोणी उरले नाही आणि ती वाळली. आईंच्या हातचे म्हणावे असे ते एकच झाड राहिले, दौंडच्या दिवाणखान्यात. आणि नेमकी त्याचीच टोके करपू लागली.

घरोघरी होते तेच येथेही झाले. पाणी कमी पडत असेल म्हणून पाणी वाढवले, ताकद नसेल म्हणून खत घातले, उजेड हवा म्हणून कुंडी पश्चिमेच्या खिडकीत नेली. करपणे टोकापासून बोटभर आत आले. सासूबाईंनी दृष्ट लागल्याचे निदान केले. तेही त्या उपायांपेक्षा निरुपद्रवीच होते.

खरे कारण स्वयंपाकघरात होते, आणि ते एका चांगल्या सवयीतून आले होते. दौंड काय, शिरूर काय, पुणे जिल्ह्याचा हा पूर्वभाग कमी पावसाचा. पाण्याचा अपव्यय करू नये हा संस्कार येथे घरातही आहे आणि धर्मातही. म्हणून आरओ यंत्राच्या नळीतून बाहेर पडणारे पाणी ही सून बादलीत साठवी आणि झाडांना घाली. परंतु हे यंत्र क्षार नष्ट करीत नाही. ते फक्त वाटणी करते: प्यायच्या पाण्यातून काढलेले क्षार सोडून दिलेल्या पाण्यात जमा होतात. बोअरचे पाणी आधीच जड, त्यात ही भर. फरशी पुसायला, संडास-बाथरूम धुवायला ते पाणी उत्तम. ब्रोमेलियाडला ते विषासमान.

यजमानांचे बी-बियाणे आणि खतांचे दुकान. उसाच्या पट्ट्यात जादा पाण्याने जमीन खारवट होते, वर पांढरी फुटते, हे ते शेतकऱ्यांना रोज समजावतात आणि माती-पाणी तपासून घ्या म्हणून आग्रह धरतात. आपल्याच दिवाणखान्यातल्या वीतभर कुंडीत तेच घडते आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नव्हते. दुकानातले टीडीएस मीटर घरी आले, नळाचे आणि बादलीतले अशी दोन्ही पाणी मोजली गेली, आणि वाद संपला.

पाणी पानातून हवेत उडून जाते, क्षार उडत नाहीत. ते पाण्याच्या वाटेने टोकाशी जाऊन साचतात आणि तेथील पेशी मरतात. कूलरच्या जाळीवर किंवा गिझरच्या कांडीवर बसलेला पांढरा थर ज्यांनी खरवडला आहे, त्यांना यापेक्षा अधिक सांगायला नको. या झाडाला तर दुहेरी जाच. रानात ते झाडांच्या फांद्यांवर वाढते, मुळांचा उपयोग मुख्यतः धरून राहण्यापुरता. पावसाचे पाणी ते पानांच्या बुडाशी तयार झालेल्या वाटीत साठवते आणि पानांवरील सूक्ष्म खवल्यांवाटे शोषते. माणसाच्या पिण्याच्या पाण्यात विरघळलेले पदार्थ लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, असे भारतीय मानक सांगते. पावसाच्या पाण्यावर पोसलेल्या या झाडाला तेवढेही जास्त होते.

मग शिरूरला ते का टिकले? आई उकळून गार केलेले पाणी पीत. त्या पाण्याची काळमर्यादा संपण्याआधी उरलेले भांडेभर पाणी त्या कुंडीत ओतत. उकळल्याने जडपणाचा काही भाग पातेल्याच्या तळाशी पांढरा थर होऊन बसतो आणि वरचे निवळ पाणी मऊ होते. सगळे क्षार त्याने जात नाहीत, हे खरे. पण त्यांच्या पन्हाळीखाली झाकणाचे पिंपही असे, आणि पावसाळ्यात कुंडीला तेच पाणी मिळे. त्यांनी हे झाडासाठी ठरवून केले असेल असे वाटत नाही.

दौंडच्या घरी आता वाटीत आरओचे प्यायचे पाणीच घातले जाते. आठवड्याला दोन-तीन पेले, म्हणजे काटकसरीलाही फार धक्का नाही. आधी दोन-तीनदा वाटी रिकामी करून धुतली आणि कुंडीतून भरपूर मऊ पाणी वाहू दिले. खत बंद केले. पुढे द्यायचे झाले तरी नेहमीच्या मात्रेच्या पाव आणि तेही वाटीत नाही. रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेले पाणीही वर्ज्य, कारण या कुळाला तांबे सोसत नाही. मोरचूद असलेली बुरशीनाशके त्याचसाठी टाळायची. कुंडी कूलरच्या झोतापासून आणि दुपारच्या उन्हापासून दूर, पूर्वेच्या खिडकीशी आली.

वाटीच्या साचलेल्या पाण्याचा प्रश्न सासूबाईंनी काढला, आणि तो रास्त होता. अशा पाण्यात डास अंडी घालतात आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर पडतात. जीव उत्पन्न झाल्यावर फवारणीचा विचार करण्यापेक्षा ते होऊच न देणे बरे. म्हणून दर तिसऱ्या दिवशी कुंडी तिरपी करून वाटी रिकामी होते आणि ताजे पाणी भरले जाते. पाणी कुजत नाही, त्यामुळे गाभाही सडत नाही. गाभा मऊ पडून वास येऊ लागला तर तो वेगळाच आजार, आणि त्यावर उपाय क्वचितच चालतो.

करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. स्वच्छ कात्रीने पानाच्या मूळ आकारात तो कापावा, हिरव्याला न लागता, तपकिरी कड दोऱ्याएवढी ठेवून. त्या घरी जुनी पाने अशी कातरलेलीच आहेत. गाभ्यातून नंतर आलेल्या चार पानांची टोके मात्र शाबूत आहेत, आणि बुडाशी एक पिल फुटले आहे. शिरूरहून भावजयीचे त्यासाठी दोनदा फोन येऊन गेले. पिल अजून चार बोटांचे आहे. ते मूळ झाडाच्या निम्म्याएवढे झाल्याशिवाय वेगळे करायचे नाही.